दबलेली नस आणि बंद पाकीट

ज्यांच्या कमरेतून पायात कळ जाते त्यांना ती काय असते हे सांगायची गरज नाही, आणि ज्यांच्या जात नाही त्यांना सांगून ती कळायची नाही. त्यामुळे दुखण्याचं वर्णन मी थोडक्यात उरकणार आहे. लिहायला बसलेय ते वेगळ्या कारणासाठी. मी अंथरुणाला खिळले होते तेव्हा अर्धं इंदापूर मला बघायला येऊन गेलं. प्रत्येकाच्या ओळखीत माझ्यासारखाच एक पेशंट होता, आणि प्रत्येकाचा पेशंट कायमचा बसला होता. ‘मलाही हेच झालं होतं आणि बघा, मी तुमच्या घरापर्यंत चालत आले,’ असं म्हणणारं एकही माणूस आलं नाही. ते माणूस आता मी आहे.

माझं नाव सुमन. इंदापूरच्या एका हायस्कुलात मी खेळ शिकवते. नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट.

फक्कीची गोणी

थंडीचे दिवस होते. तालुक्याच्या खो-खो स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. मैदान आखायला फक्की, म्हणजे चुन्याची पांढरी पूड, हवी होती आणि शिपाई चहाला गेला होता. मी वाट बघणाऱ्यातली नाही. गोणी उचलली, वळले, आणि डाव्या कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कुणीतरी विजेची तार ओढून घेतल्यासारखं झालं.

मी होते तशीच थिजले. कमरेत वाकलेली, एक हात गुडघ्यावर, डावा पाय हवेत. माझ्या संघातल्या मुलींची शिस्त मात्र वाखाणण्यासारखी! बाईंनी नवा व्यायाम दाखवला असं समजून सगळी रांग कमरेत वाकली आणि डावा पाय उचलून उभी राहिली. मला हसू येत होतं आणि हसलं की कळ येत होती. शेवटी कप्तान मुलगी म्हणाली, “बाई, किती वेळ धरायचं?”

“मला धरा गं,” मी म्हणाले.

हेडमास्तरांचा पाय

घरात आम्ही तिघं. माझे पती प्रकाश बारामतीच्या एमआयडीसीत फिटर होते, मोटरसायकलवरून जाऊन-येऊन करायचे. मुलगी पल्लवी प्राथमिक शाळेत. मी अंथरुणाला खिळल्याचं कळताच सांगवीहून माझ्या सासूबाई आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांनी आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि मग मला.

“उसण भरलीया,” त्यांनी निदान केलं. “पायाळू मानसाचा पाय लावला की मोकळी हुशील.”

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले असा माणूस. त्याने कमरेला पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. आमच्या घरात पंचशील म्हटलं जातं, अंगारे-धुपारे मागच्या पिढीतच सुटले. पण पायाळू ही आत्यांच्या लेखी श्रद्धा नव्हती, इलाज होता. त्यांनी बाजारात चौकशी केली आणि जे नाव घेऊन आल्या ते ऐकून मी उशीत तोंड लपवलं. इंदापुरातले पायाळू म्हणजे आमचे हेडमास्तर, देशमाने सर.

दोन दिवसांनी सर मोसंबी घेऊन मला भेटायला आले. आत्या म्हणाल्या, “सर, आलाच हायसा तर पाय लावूनच जावा.”

सर खुर्चीतून अर्धवट उठले. “आजी, अहो, मी विज्ञानाचा पदवीधर आहे.”

“असा की. पर पायाळू हाय का न्हाय?”

शाळेत इतकी वर्षं लपवून ठेवलेली गोष्ट अशी उघडी पडली होती. प्रकाश दाराआड जाऊन खोकू लागले, म्हणजे हसू लागले. शेवटी सरांनी मोजा काढला, डोळे मिटले आणि माझ्या पाठीवरच्या शालीला अंगठा टेकवल्यासारखा करून झटकन मागे घेतला. “सुमनताई, माफ करा हं. हे ऑफिशियल नाही.”

कमरेला काडीचा फरक पडला नाही. पण जाताना सर दारात थांबून आपुलकीनं म्हणाले, “घाई करू नका. नाहीच जमलं तर मैदान सोडा, तुम्हाला ऑफिसात बसायचं काम देऊ.” ते गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून बराच वेळ रडले. बोलणं मायेचंच होतं. पण तोवर मैदान सुटू शकतं, हा विचारच माझ्या मनात आला नव्हता.

“मला माहीत नाही”

बारामतीला मला जीपच्या मागच्या सीटवर आडवी घालून नेलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याशी माझी ओळख झाली. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी मला उताणं झोपवून डावा पाय सरळ वर उचलला. वीतभर वर गेला असेल नसेल, मी किंचाळले. मग त्यांनी प्लॅस्टिकचा मणका हातात घेऊन दाखवलं, मणक्यांच्या मध्ये गादी असते, ती सरकून नसेवर बसली आहे. नस दबली आहे.

इतके दिवस त्या दुखण्याला नाव नव्हतं. नाव मिळालं आणि मला जरा बरंच वाटलं.

“पळता येईल ना?” मी विचारलं.

“आधी चालू,” ते म्हणाले.

त्यांच्या दवाखान्यात तेव्हा डॉ. अनघा नावाची एक तरुण डॉक्टर पुण्याहून येऊन राहिली होती. पुढच्या पदवीसाठी ती याच दुखण्यावर अभ्यास करत होती. चणीनं लहान, चष्मा मोठा. माझ्या पलंगाशी स्टूल ओढून ती बसली.

“नस दबली की काही डॉक्टर सांगतात, पडून राहा, कमरेला वजन लावा. काही आता म्हणायला लागलेत, झेपेल तेवढं चालतं राहा, व्यायाम करा. दोघंही ठामपणे सांगतात. खरं कुणाचं, ते मला बघायचंय. तुम्ही माझ्या अभ्यासात याल का?”

“तुम्हाला काय वाटतं, कशानं बरं होतं?”

“मला माहीत नाही.”

आजवर एकाही डॉक्टरच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं. आत्यांनी तर कपाळाला हात लावला. “डाक्टरीनबाईलाच ठावं न्हाय, आन् तू हिच्याकडनं बरी हुनार व्हय?”

“आजी, ठाऊक असतं तर अभ्यास कशाला केला असता?”

आत्यांना ते उत्तर आवडलं नाही. मला मात्र ती मुलगी आवडली. तिनं सगळं स्वच्छ सांगितलं. अभ्यासातून कधीही बाहेर पडता येईल, कुणी रागावणार नाही. पायातली ताकद कमी होतेय असं वाटलं, लघवी अडली, किंवा मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला तर त्याच क्षणी सांगायचं, लाजायचं नाही. (हे वाक्य वाचणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं. लाजून बसल्यामुळे नुकसान झालेल्या बायका मी नंतर पाहिल्या.)

मी हो म्हणाले.

पाकीट

कुणी झोपायचं आणि कुणी चालायचं, हे डॉक्टर ठरवणार नव्हत्या, पेशंटही नाही. बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार होती.

मी भरती झाले त्याच दिवशी माळेगावच्या शेवंताकाकू दाखल झाल्या होत्या. त्यांची खाट माझ्या शेजारी. घरी म्हशी, जन्म सगळा धारा काढण्यात आणि वैरणीचे भारे वाहण्यात गेलेला. दुखणं माझंच, फक्त त्यांचा पाय उजवा. आम्ही दोघींनी एकाच वेळी पाकिटं फोडली. मला आलं ‘विश्रांती आणि वजन’. त्यांना आलं ‘चालणे आणि व्यायाम’.

मी, जिला वर्गात खुर्चीवरही बसवत नाही, तिला झोपायचं होतं. आणि ज्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी झोपायला सांगेल अशी आशा होती, तिला चालायचं होतं.

“डाक्टरीनबाई,” शेवंताकाकू म्हणाल्या, “आमी दोघी अदलाबदल करतो की. कुनाला कळतंय?”

डॉ. अनघाला हसू आवरेना, पण तिनं ठामपणे नकारार्थी मान हलवली. “काकू, ज्याला जे आवडतं ते त्यानं घेतलं, तर मला फक्त कुणाला काय आवडतं तेवढंच कळेल. कशानं बरं होतं ते कळणारच नाही.”

काकूंनी चिठ्ठी परत घडी घालून पाकिटात ठेवली. “म्हंजी हितंबी आपल्या मनाचं न्हायच.”

वॉर्डातले दिवस

माझ्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या आणि दोऱ्यांना पलंगाच्या पायथ्याशी वजनं लटकवलेली. कूस बदलायची तरी परवानगी काढल्यासारखी. सकाळी स्पंज, चहा, गोळ्या, राउंड, पुन्हा गोळ्या. भांडं द्यायला आयाला हाक मारताना पहिले काही दिवस माझा आवाज फुटत नसे. मग तिनंच एकदा सांगितलं, “बाई, तुमी मैदानात जसं वरडता तसं वरडा. माजी भाची हाय तुमच्या शाळंत, ती सांगती.” त्याच आयानं माझा पलंग खिडकीकडे फिरवून दिला. ऊस गळीताचा हंगाम होता. माळेगावच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मोठमोठ्यानं गाणी लावून जायच्या. एक गाणं एका ट्रॅक्टरवर सुरू व्हायचं आणि मागच्यावर संपायचं. माझी करमणूक तीच.

शेवंताकाकू सकाळ-संध्याकाळ व्हरांड्यात फेऱ्या मारायच्या आणि प्रत्येक फेरीला माझ्या खाटेपाशी थांबून कण्हायच्या. “तुजं बरं हाय बाई, माहेरी आल्यागत पडलीयास.” मी म्हणायचे, “काकू, तुमच्या फेऱ्या मला द्या.” आम्ही एकमेकींचा मनापासून हेवा केला, आणि त्या हेव्यात दिवस बरे गेले.

घरी मात्र सगळं काही बरं नव्हतं. प्रकाश पाळी संपवून माझ्याकडे यायचे, मग अंधार पडायच्या आत इंदापूर गाठायची धडपड. एकदा मी पल्लवीच्या गणवेशाला इस्त्री का नाही म्हणून विचारलं आणि ते फटकन बोलले, “मी पण माणूसच आहे, सुमन.” दुसऱ्या दिवशी रविवार होता. ते पल्लवीला घेऊन आले, तर तिच्या दोन वेण्या दोन वेगवेगळ्या उंचीवर होत्या. “पप्पांनी घातल्या,” ती अभिमानानं म्हणाली. मग माझ्या कानाशी येऊन तिनं विचारलं, “आई, तू आता कायमची आडवी का?”

मी “नाही गं” म्हणाले. खेळाच्या बाईला खोटा आत्मविश्वास दाखवता यायला हवा. मुली हरत असतानाही आम्ही टाळ्या वाजवतो.

अंगठा

डॉ. अनघा दर काही दिवसांनी माझ्या पायाच्या अंगठ्यावर बोट ठेवून म्हणायची, “वर उचला.” एका सकाळी उजवा अंगठा उठला. डावा उठेना. मी सगळा जीव एकवटून उचलत होते आणि तो, दुसऱ्या कुणाचा असावा तसा, माझ्याकडे बघत पडून होता. जरासा हलला, तेवढंच.

डॉ. अनघाचा चेहरा बदलला. तिनं मोठ्या डॉक्टरांना बोलावलं आणि मग स्वतःच माझ्या कमरेचा पट्टा सोडवला.

“अभ्यासाचं काय?” मी विचारलं.

“अभ्यास तुमच्यासाठी आहे. तुम्ही अभ्यासासाठी नाही.”

पुण्याला नेऊन एमआरआय काढला. त्या नळकांड्यात मी डोळे मिटून खो-खोचा एक अख्खा डाव मनातल्या मनात खेळले, आणि आम्ही जिंकलो. तिथल्या सर्जननी फोटो बघून सांगितलं की ऑपरेशन करता येईल.

सर्जनच्या खोलीबाहेर बाकावरच घरच्यांची जुंपली. प्रकाश म्हणाले, “करून टाकू. रोज झिजण्यापेक्षा एकदाचे मोकळे होऊ.” आत्या म्हणाल्या, “मनक्याला सुरी लावू द्यायची न्हाय मी. आमच्या सांगवीतला एक जन—” त्यांच्याकडेही एक कायमचा बसलेला पेशंट होताच. आवाज वाढत गेले. दोघंही माझ्यावरून भांडत होते आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

“पाय माझा आहे,” मी म्हणाले. मैदानात ओरडते तसंच ओरडले असेन, कारण बाकावरचे इतर पेशंटही गप्प झाले. “मला आत जाऊन एकच गोष्ट विचारायचीय.”

मी सर्जनना विचारलं, “थांबले तर काय गमावीन?”

ते विचार करून बोलले. ताकद थोडीच कमी झाली आहे. ती आणखी घटली नाही तर काही आठवडे थांबून बघता येईल; बऱ्याच जणांची नस हळूहळू आपोआप मोकळी होते. पण दर आठवड्याला पाय तपासायचा. अंगठा आणखी खाली गेला किंवा ती दुसरी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी निघून यायचं, मग वाद नको.

आमच्याबरोबर आलेल्या डॉ. अनघाला विचारलं, तर ती म्हणाली, “मी काही सुचवलं तर ते माझं मत होईल, माहिती नव्हे. सर्जननी सांगितलंय ती माहिती आहे.”

मी थांबायचं ठरवलं. थांबायचं आणि चालायचं. शूरपणा वगैरे काही नव्हता. परतीच्या जीपमध्ये माझा एक हात प्रकाशनी सगळा रस्ता धरून ठेवला होता. दुसरा आत्यांनी.

कंबर दुखली, वा!

पोटावर झोपायचं, कोपरांवर छाती उचलायची, पुन्हा खाली. बसायचं कमी, चालायचं जास्त. सुरुवातीला गल्लीच्या तोंडापर्यंत गेले की भिंत धरून उभी राहायचे. आत्या पाण्याचा तांब्या घेऊन मागं मागं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “सून चालाय शिकतीया.” शेवंताकाकू तोवर घरी गेल्या होत्या. त्यांनी एसटीत कुणाच्या तरी हाती खरवस पाठवला आणि निरोप धाडला, “मी धारा काढाय लागले. उकिडवी न्हाय, वाकून न्हाय, पाटावर बसती नीट. तूबी ऊठ.”

दर आठवड्याला अंगठ्याची परीक्षा. पहिल्या खेपेला तेवढाच. दुसऱ्या खेपेला तेवढाच. घटला नाही म्हणून आम्ही बारामतीच्या स्टँडवर भेळ खाल्ली. पुढं कधीतरी तो डॉ. अनघाच्या बोटाला थोडा भिडला. तिनं पुन्हा करायला लावलं, पुन्हा भिडला.

मग एका सकाळी मी घाबरून तिच्याकडे गेले. “डॉक्टर, कंबर भयंकर दुखतेय.”

“आणि पाय?”

मी विचार केला. “पाय… पोटरीपर्यंतच.”

“वा!” ती टाळी वाजवून म्हणाली. “कळ पायातून वर सरकतेय, म्हणजे नस मोकळी होतेय. कमरेत दुखू द्या.”

माझ्या दुखण्यावर टाळी वाजवणारी ही पहिलीच. पण तिचं खरं ठरलं. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात, अशी सामान आवरून निघालेल्या पाहुण्यासारखी रेंगाळत गेली. ऑपरेशन टळलं. उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा मी मैदानात उभी होते. पळत नव्हते, शिट्टी वाजवत होते. देशमाने सरांनी ऑफिसातल्या कामाचा विषय पुन्हा काढला नाही. पळायला दिवाळी उजाडली. पावलाच्या वरच्या बाजूला एक बधिर चट्टा आजही आहे. तिथं मुंगी चढली तर मला कळत नाही. तेवढं राहिलं.

कागदावर झोपलेली

अभ्यास पुरा झाल्यावर डॉ. अनघा पेढे घेऊन इंदापूरला आली. आत्यांनी तिला पाटावर बसवून पिठलं-भाकरी वाढली आणि मी विचारलं, “मग, कुणाचं खरं?”

“चालणारे जरा लवकर कामाला लागले. पडून राहिलेले मागाहून. पण वर्ष संपताना दोन्ही गटांत फार फरक उरला नाही. बहुतेक जण सुधारले.”

“आणि मला चालणाऱ्यांत धरलं ना?”

ती जरा अवघडली. “नाही. नियम असा आहे की ज्या गटाचं पाकीट निघालं, त्याच गटात मोजायचं. तुम्ही झोपणाऱ्यांत.”

“म्हणजे मी चालून बरी झाले, आणि कागदावर झोपून?”

“हो. नाहीतर ज्यांना त्रास झाला त्यांना मधूनच वगळून कुणीही आपला उपचार चांगला दाखवेल.”

मला हसावं की भांडावं कळेना. पण मग लक्षात आलं, मी चालून बरी झाले की नुसते दिवस गेले म्हणून, हे मलाही ठाऊक नव्हतं. मी तसं म्हणाले. तिनं भाकरीचा घास हातातच ठेवून माझ्याकडे पाहिलं. “हे समजायला मला दोन वर्षं लागली, सुमनताई.”

“मग आता दुसऱ्या कुणाची नस दबली तर काय सांगणार?”

“धोक्याची लक्षणं सांभाळा. झेपेल तेवढं हिंडा-फिरा. धीर धरा.”

“इतकंच?” आत्या म्हणाल्या.

“इतकंच, आजी. पण पूर्वी मी हे अंदाजानं म्हणाले असते.”

तर

त्यानंतर माझ्याकडे माणसं येऊ लागली. कुणाची बहीण, कुणाची जाऊ, कारखान्यातला कुणी ड्रायव्हर. एक्स-रेच्या पिशव्या घेऊन येतात. मी आधी ती लक्षणं विचारते, एक जरी असलं तरी चहा न देता बारामतीला पाठवते. बाकीच्यांना बसवते आणि ऐकून घेते. आपल्याला काय होतंय हे नीट ऐकून घेणारं माणूस मिळालं की निम्मा चेहरा तिथंच सैल होतो, हे मी स्वतःवरून सांगते.

परवा एक बाई आल्या, कमरेला ओढणी घट्ट बांधलेली, डोळ्यांत तीच भीती. माझ्या पायांकडे बघत होत्या, खरंच बरी झाले का ते तपासल्यासारख्या. सगळं विचारून झालं, लक्षण एकही नव्हतं, डॉक्टरांनाही दाखवून झालं होतं.

“बाई, तेवढं औषध कुठलं घेतलंत ते सांगा,” त्या म्हणाल्या.

“सांगते की,” मी उठत म्हणाले. “चपला घाला.”